बाथरूम फोडण्याआधी: नळाच्या कामाला परवानगी कुठे लागते, कुठे नाही

"आपल्याच घरातला नळ, त्याला कसली आलीय परवानगी?" प्लंबर हे ठासून सांगतो, कंत्राटदार हसून सांगतो, आणि समोरच्या फ्लॅटमधले काका स्वतःच्या अनुभवावरून सांगतात. तिघांचंही अर्धं बरोबर असतं. नळ बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. संडास दोन फूट सरकवायचा असेल, तर गोष्ट वेगळी. अडचण अशी की बाथरूमचं काम काढलं की या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच माणसाच्या हातून होतात. कुठली रेषा कधी ओलांडली, ते घरमालकाला नोटीस आल्यावर कळतं.

मुंबईसाठी १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम आणि स्वतंत्र विकास नियमावली आहे. पुणे, नाशिक, ठाणे, नागपूर, कोल्हापूर अशा इतर महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात. बांधकामाच्या नियमांसाठी डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिला सगळे 'यूडीसीपीआर'च म्हणतात. या सगळ्यांच्या वर १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, आणि खाली तुमच्या सोसायटीचे उपविधी. ही कायद्यांची यादी पाठ करायची गरज नाही. तुमचा पाईप कशाला हात लावतो, एवढं पाहिलं तरी पुष्कळ उलगडा होतो. फक्त तुमच्या भिंतीतून जातो? स्लॅबमधून जातो? सगळ्यांच्या सामाईक पाईपला जोडला जातो? की थेट रस्त्याखालच्या महापालिकेच्या लाइनला? पुढच्या पायरीवर गेलात की विचारणारा माणूसही बदलतो.

सगळ्यात सोपी गोष्ट आधी. १९६६ च्या कायद्याच्या कलम ४३ मध्येच सवलत आहे: ज्या कामाचा परिणाम इमारतीच्या फक्त आतल्या भागावर होतो किंवा बाहेरच्या रूपात लक्षणीय फरक पडत नाही, अशा देखभालीच्या आणि सुधारणेच्या कामाला नियोजन प्राधिकरणाची विकास परवानगी लागत नाही. इमारत वारसा यादीत असेल तर ही सूट नाही. गिरगावात, फोर्टात किंवा पुण्याच्या पेठेत जुन्या वास्तूत राहत असाल, तर इमारतीला वारसा श्रेणी आहे का, हे आधी बघा.

मुंबईत हे आणखी नेमकं लिहिलेलं आहे. १८८८ च्या अधिनियमाच्या कलम ३४२ नुसार इमारतीत फेरफार करायचा असेल तर आयुक्तांना आधी सूचना द्यावी लागते. पण 'टेनंटेबल रिपेअर्स'ना, म्हणजे जागा राहण्याजोगी ठेवण्यासाठीच्या दुरुस्त्यांना, ती लागत नाही. वॉर्ड ऑफिसातही हाच शब्द चालतो, तो लक्षात ठेवा, उपयोगी पडतो. यात काय येतं? प्लास्टर, रंग, फरशी बदलणं, संडास-बाथरूम-मोरीची दुरुस्ती, ड्रेनेजचे पाईप, नळ, मॅनहोल दुरुस्त करणं किंवा बदलणं, पाण्याची आणि सॅनिटरी फिटिंग्ज बदलणं. म्हणजे जुना गंजलेला जीआय (लोखंडी) पाईप काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) टाकणं, कमोड बदलणं, नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग) नवा बसवणं, हे सगळं दुरुस्तीत मोडतं.

त्याच कलमात काय चालणार नाही, तेही सांगितलं आहे. बांधकामाची आडवी-उभी मापं बदलायची नाहीत. भार पेलणाऱ्या भिंती किंवा खांब-तुळया काढायच्या-बदलायच्या नाहीत. जोतं, पाया किंवा जमिनीची पातळी खाली घ्यायची नाही. पोटमाळा वाढवायचा नाही. आता या यादीकडे बाथरूमच्या नजरेतून पाहा. "स्लॅब जरा खोदून पाईप आत घेऊ, म्हणजे पायरी येणार नाही," हे प्लंबरचं आवडतं वाक्य थेट यात अडकतं. "ही मधली भिंत पाडून संडास-बाथरूम एक करू" हेही अडकू शकतं, कारण ती भिंत नुसती पार्टिशनची आहे की भार पेलणारी, हे प्लंबरने ठरवायचं नसतं. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनीअर लागतो. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर चालू असलेल्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. ते काम नळाचं नव्हतं, पण 'आतलंच तर काम' हा समज तिथेही होताच.

संडास सरकवणं: इथे सगळे फसतात

जुन्या फ्लॅटमध्ये बहुतेकांना हेच करायचं असतं. भारतीय संडासाच्या जागी कमोड हवा, दार दुसऱ्या बाजूला हवं, आणि कमोड खिडकीखाली आला तर बरं. कागदावर हे दोन फुटांचं सरकवणं असतं. पाईपच्या दृष्टीने काय होतं ते बघा.

कमोडची चार इंची लाइन, म्हणजे ११० मिलिमीटरचा पाईप, डक्टमधल्या (इमारतीच्या पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या) उभ्या पाईपपर्यंत उतारानेच गेली पाहिजे. साधारण पन्नासाला एक, म्हणजे दीड मीटरला तीन सेंटिमीटर. कमोड डक्टपासून लांब नेला की तेवढा उतार मिळवायला एक तर पाईप खाली घ्या, नाही तर जमीन वर घ्या. खाली स्लॅब आहे आणि त्यात लोखंड आहे. मग जमीन वर येते, पोकळी ब्रिकबॅट कोब्याने (विटांचे तुकडे आणि सिमेंट) भरली जाते, आणि बाथरूमला पायरी येते. चाळीस चौरस फुटांच्या बाथरूममध्ये एक फूट कोबा भरला, तर त्याचं वजन दोन टनांच्या आसपास जातं. आधीच संकन स्लॅब, म्हणजे बाथरूमसाठी मुद्दाम खाली घेतलेला स्लॅब, असेल तर तो या भरावासकट हिशोबात धरलेला असतो. संकन नसलेल्या खोलीत, म्हणजे बेडरूमच्या कोपऱ्यात नवं टॉयलेट काढताना, हे वजन कुणी हिशोबात धरलेलं नसतं.

उंची वाचवायला काही जण दुसरी शक्कल लढवतात: नहाणी ट्रॅप उथळ बसवायचा. ट्रॅपच्या वाकणात निदान ५० मिलिमीटर पाणी साठून राहायला हवं, कारण ड्रेनेजचा वास आणि झुरळं तेवढं पाणीच अडवतं. ते कमी झालं की दोन दिवस घर बंद राहिलं तरी पाणी सुकतं आणि मग सगळ्या मजल्याला वास. तक्रार येते ती सोसायटीकडे, "ड्रेनेज तुंबलंय" म्हणून. मी सोसायटीचा सचिव होतो, त्या काळात अशा वासाचं मूळ तळाच्या चेंबरमध्ये क्वचितच सापडलं. बहुतेक वेळा ते कुणाच्या तरी नव्याकोऱ्या, महागड्या टाइल्सच्या खाली निघालं.

दुसरा प्रश्न खालच्या घराचा. राष्ट्रीय इमारत संहितेचा नियम असा, की संडास हा दुसऱ्या संडास, बाथरूम, मोरी किंवा गच्चीशिवाय कुठल्याही खोलीच्या थेट वर किंवा खाली असू नये; असायचाच तर त्याची जमीन पूर्ण जलरोधक हवी. आपल्याकडच्या नियमावल्यांमध्ये थोड्याफार फरकाने हेच सूत्र आहे. म्हणजे तुमचा नवा कमोड खालच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघराच्या किंवा देव्हाऱ्याच्या डोक्यावर येत असेल, तर भावनेचा प्रश्न सोडाच, नियमाचाही आहे. तिथे वॉर्डाची परवानगी आणि इंजिनीअरचा नकाशा लागतो, आणि वॉटरप्रूफिंगनंतर टाइल्स लावण्याआधी निदान ४८ तास पाणी तुंबवून ठेवण्याची चाचणी खालच्या घरमालकासमोर करावी. ही शेवटची गोष्ट भांडण टाळण्यासाठी आहे. कंत्राटदाराला ते दोन दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात. वाटू द्या.

सोसायटी काय अडवू शकते

आदर्श उपविधींप्रमाणे समितीच्या लेखी परवानगीशिवाय सभासदाला गाळ्यात फेरफार करता येत नाही. अर्ज सचिवाकडे, सोबत कामाचा तपशील. नुसता नळ बदलायला कुणी अर्ज मागत नाही आणि मागूही नये. पण डक्टमधल्या पाईपला नवा जोड द्यायचा असेल, सामाईक लाइन बंद ठेवायची असेल किंवा फोडाफोडी असेल, तर अर्ज हवाच.

यात एक गैरसमज फार पसरलेला आहे. समितीने ठराव केला म्हणजे महापालिकेची परवानगी मिळाली असं नाही. आणि वॉर्डाने हरकत नाही म्हटलं म्हणून समितीचं काम संपत नाही. दोन वेगळ्या खिडक्या आहेत. सोसायटी सामाईक मालमत्ता आणि शेजाऱ्यांचा त्रास बघते. महापालिका नियमावली आणि सुरक्षितता बघते. काही समित्या सरसकट "बाथरूमला हात लावायचा नाही" असा फतवा काढतात, हेही चुकीचंच. गळका पाईप दुरुस्त करायला नकार दिला, तर उद्या खालच्या घराच्या छताची पोपडी पडल्यावर तीच समिती पेचात सापडते.

खर्च कुणाचा, यावर उपविधी स्पष्ट आहेत. बाहेरच्या पाण्याच्या लाइन, ड्रेनेजच्या सामाईक लाइन, टाक्या, पंप, गच्चीतून होणारी पावसाची गळती, हे सोसायटीचं. संडास, सिंक वगैरेंमुळे आतल्या आत होणारी गळती संबंधित गाळेधारकांची, सोसायटीने मध्यस्थी करायची. वरच्याने "माझ्याकडून गळत नाही" म्हणायचं आणि खालच्याने बादली लावून बसायचं, यावरचा व्यवहारी उपाय म्हणजे रंग टाकलेलं पाणी एकेका ट्रॅपमध्ये सोडून कुठला रंग खाली उतरतो ते पाहणं. वकिलाच्या नोटिशीपेक्षा स्वस्त.

इमारत नवी असेल तर हातोडा उचलण्याआधी थांबा. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कारागिरीत किंवा सुविधांमध्ये दोष आढळला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने तो मोफत दुरुस्त करायचा असतो. गळकं बाथरूम यात येतं. तुम्ही ते आधीच फोडून नव्याने बांधलंत, तर "तुमच्या प्लंबरने बिघडवलं" हे उत्तर तयार असतं.

चाळीतली खोली

मुंबईतल्या चाळींमध्ये खोलीतली मोरी मोठी करून तिथेच संडास बसवायची इच्छा समजण्यासारखी आहे. म्हातारी माणसं रात्री व्हरांड्याच्या टोकापर्यंत कशी जाणार? तरीही ही 'दुरुस्ती' नाही. संडास नव्याने येतो, सामाईक ड्रेनेजवर नवा भार येतो, आणि अनेक जुन्या चाळींची जमीन लाकडी तुळयांवर असते. मोरीचं पाणी तुळईच्या भिंतीत शिरणाऱ्या टोकाशी झिरपत राहिलं की लाकूड आतून कुजतं, वरून लादी मात्र शाबूत दिसते. त्यामुळे इथे घरमालकाची संमती, महापालिकेची परवानगी, आणि इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे विचारणा, असा लांबचा रस्ता आहे. तो न धरता केलेली कामं शेकड्यांनी दिसतील, हे खरं. त्या इमारतींच्या तुळयाही बघून या.

रस्त्याखालची लाइन

घरातला पाईप महापालिकेच्या लाइनला जिथे भेटतो, तिथे मात्र शंकेला जागा नाही. नवी नळजोडणी, जोडणीचा व्यास वाढवणं, जागा बदलणं, मीटर हलवणं, ड्रेनेज मुख्य वाहिनीला जोडणं, यातलं काहीही परवानगीशिवाय करता येत नाही. आणि अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फतच जातो. मुंबईच्या आणि इतर महापालिकांच्या कायद्यांत प्लंबरला परवाना देण्याची तरतूद आहे. नाक्यावरचा प्लंबर हाताने कितीही कुशल असला तरी त्याच्या सहीला पाणी खात्यात किंमत नाही. प्रत्यक्षात काम एक जण करतो आणि सही दुसऱ्याची असते. तसं असेल तर निदान सही करणारा माणूस एकदा साइटवर येऊन गेला का, हे बघा. त्याच्या परवान्याची मुदत संपलेली नाही ना, हेही बघा.

अर्जासोबत मालकीचा पुरावा, मालमत्ता कराची पावती आणि जागेचा नकाशा मागतात. मग पाहणी, शुल्क, रस्ता खोदाईची वेगळी परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे. पावसाळ्याच्या तोंडावर खोदाई बंद होते, तेव्हा एप्रिल-मेमध्ये अर्ज टाकून जूनमध्ये पाणी येईल अशी आशा धरू नका. मुख्य वाहिनीला भोक पाडून फेरूल, म्हणजे जोडणीचा छोटा तुकडा, बसवला जातो, तिथून मीटरपर्यंतच्या पाईपची निगा बहुतेक ठिकाणी ग्राहकाकडेच असते. हा पाईप गटारातून किंवा गटाराला चिकटून नेलेला असेल तर दुरुस्तीच्या वेळी जागा बदलून घ्या.

याच पाईपवर थेट मोटर लावायला बंदी आहे, आणि महापालिका अशा मोटारी जप्त करतात. कारण फक्त शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं एवढंच नाही. आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येतं. लाइनमध्ये दाब कमी असताना मोटर ओढायला लागली की पाईपात पोकळी तयार होते, आणि जिथे सांधा सैल आहे तिथून बाहेरचं गढूळ पाणी आत खेचलं जातं. ते पुढे कुणाच्या घरी जाईल सांगता येत नाही. आधी जमिनीतल्या टाकीत पाणी उतरवायचं आणि तिथून मोटारीने वर चढवायचं, ही सरळ पद्धत. बोअरचं पाणी आणि महापालिकेचं पाणी एका व्हॉल्वने जोडून ठेवणं हेही याच कारणाने चालत नाही. व्हॉल्व आज ना उद्या गळतोच.

आणखी एक फसवं काम म्हणजे बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवून त्याचं पाणी शेजारच्या पावसाळी पाईपात सोडणं. पाईप तिथेच असतो, भोक पाडायला पाच मिनिटं लागतात. पण पावसाचं पाणी गच्चीवरून पर्जन्यजल वाहिनीत जातं, तिथून नाल्यात, आणि मुंबईत पुढे समुद्रात. सांडपाण्याची वाहिनी वेगळी असते. सिंक किंवा मशीनचं पाणी गली ट्रॅपमधून (इमारतीबाहेरच्या, वास अडवणाऱ्या ट्रॅपमधून) सांडपाण्याच्या लाइनलाच गेलं पाहिजे. शिवाय पावसाळी पाईपला ट्रॅप नसतो, त्यामुळे त्यातून जे यायचं ते सरळ तुमच्या बाल्कनीत येतं.

स्वतःचं घर, स्वतःची टाकी

तालुक्याच्या गावी किंवा कोकणात बंगला असेल आणि ड्रेनेजची लाइनच नसेल, तर सेप्टिक टाकी आली. ती बांधकाम परवानगीच्या नकाशात दाखवावी लागते. नंतर गुपचूप खड्डा मारून चालत नाही. टाकीची रुंदी निदान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली निदान एक मीटर, द्रवाची क्षमता निदान एक घनमीटर, आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट, असे संहितेचे आकडे आहेत. टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत जिरवायची जागा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १२ मीटर दूर हवी. जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी झरझर झिरपतं, त्यामुळे जागा असेल तर यापेक्षाही जास्त अंतर सोडा. विहीर शेजाऱ्याची असली तरी अंतर मोजायचंच.

टाकी भरल्यावर मात्र कुठलीच परवानगी तुम्हाला वाचवत नाही असं एक काम आहे: संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवणं. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने त्यावर बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे काम देणाऱ्या घरमालकालाही लागू आहे. "तो स्वतःच म्हणाला उतरतो" हा बचाव होत नाही. सक्शन पंपाची गाडी मागवा.

परवानगी न घेता झालं असेल तर

तक्रार झाली की वॉर्डातून माणूस येतो, फोटो काढतो, नोटीस लागते. मुंबईत कलम ३५१ ची, काम चालू असेल तर ते थांबवण्याची ३५४-अ ची. इतरत्र १९६६ च्या कायद्याच्या कलम ५३ ची. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत असते आणि ती फार मोठी नसते, म्हणून ती फडताळात ठेवू नका. नियमात बसणारं काम असेल तर नकाशा सादर करून ते नियमित करून घेता येतं. नियमातच बसत नसेल तर पूर्ववत करावं लागतं, म्हणजे पुन्हा तीच टाइल्स, तोच कोबा, तीच धूळ. आणि पैसे तुमचेच.

अर्ज करूनही कुणी हलत नसेल, तर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम वापरा. नळजोडणी आणि ड्रेनेज जोडणी या अधिसूचित सेवा आहेत, आणि किती दिवसांत द्यायच्या हे कार्यालयात फलकावर लावलेलं असतं. अर्जाची पोच तारखेसह घ्या. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करता येतं. मग दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. कारण नसताना सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. बहुतेकदा अपिलापर्यंत जावं लागत नाही, पोचपावतीवरची तारीख दाखवून "अपील कुणाकडे करायचं?" एवढं विचारलं की फाइल सापडते.